निवडून येणार नाही हे माहीत असून भाषेसाठी इलेक्शनला उभं राहावं का? (कॅनडातल्या फ्रेंच लोकांबद्दल)

कृष्णाकाठ_सांगली
नमस्कार. माझी मावसबहीण कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतात शिकायला आहे, फ्रेडरिक्टनला. तिची रूममेट अकेडियन आहे, म्हणजे तिथले पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच बोलणारे लोक असतात ना, त्यातली. ही पोरगी कॉलेजात विद्यार्थ्यांच्या चळवळीत असते आणि आता पुढच्या वेळी प्रांताच्या विधानसभेला अपक्ष उभी राहणार म्हणतीये. मुद्दा एकच, फ्रेंच बोलणाऱ्यांना कायद्यानं जे दिलंय ते दवाखान्यात, ॲम्ब्युलन्समध्ये, सरकारी काउंटरवर खरोखर मिळालं पाहिजे. पैसा नाही, पक्ष नाही, मतदारसंघात इंग्रजीवालेच जास्त. पडणार हे तिलाही माहितीये.

आमच्या घरी यावरून रोज वाद. बाबा म्हणतात डिपॉझिट जाणाऱ्याला कोण विचारतंय, मतं खाण्यापलीकडं काय होत नाही त्यातनं. मला ते पटत नाही पण उलट बोलायला माझ्याकडं मुद्दे नाहीत. तिथला इतिहास कुणाला माहीत असेल तर सांगा, अशा उमेदवारीनं कधी काही बदललंय का?

मिरज_ते_मॉन्क्टन
मी मूळचा मिरजेचा, नोकरीनिमित्त मॉन्क्टनला राहून आलोय, ते त्याच प्रांतात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १७५५ पासून इंग्रजांनी अकेडियन लोकांना घरंदारं जाळून हाकलून दिलं होतं, त्यातले जे परत आले किंवा लपून राहिले त्यांची ही वस्ती. आज प्रांतात साधारण तीस टक्के लोक फ्रेंच मातृभाषेचे. १९६८ च्या फेब्रुवारीत मॉन्क्टन विद्यापीठाची पोरं मोर्चा घेऊन नगरपालिकेवर गेली, मागणी काय तर पालिकेचा कारभार फ्रेंचमध्येपण चालावा. महापौर लिओनार्ड जोन्सनी उडवून लावलं त्यांना. पण पुढच्याच वर्षी, १९६९ ला, प्रांतानं दोन्ही भाषा अधिकृत करणारा कायदा केला, त्या वेळचे मुख्यमंत्री लुई रोबिशो स्वतः अकेडियन. आणि ज्या पालिकेनं पोरांना हाकललं ती मॉन्क्टन पालिका २००२ मध्ये स्वतःहून अधिकृत द्विभाषिक झाली. मोर्चातली पोरं तोवर पन्नाशीत गेली असतील.

आता तुमचा खरा प्रश्न. १९७२ ला तिथं पार्टी अकेडियन निघाली, मास्तर लोक, तरुण पोरं असली मंडळी. निवडणुका लढवल्या, एक सीट कधी आली नाही. १९७८ ला एका ठिकाणी अगदी थोडक्यात हुकली, तेवढंच. ते तर वेगळा अकेडियन प्रांतच मागायला लागले होते आणि १९८६ ला पक्ष बंद. तुमच्या बाबांच्या हिशोबानं शून्य. पण मधे काय झालं बघा, कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला, ज्याला फ्रेंच भागात फारसं कोण विचारत नव्हतं, त्याला कळलं की ही मतं नाराज आहेत आणि ती मिळू शकतात. १९८१ ला त्याच पक्षाच्या सरकारनं दोन्ही भाषिक समाज समान आहेत असा कायदा केला आणि १९८२ च्या निवडणुकीत फ्रेंच भागात भरघोस जागा घेतल्या. १९९३ ला तीच समानता थेट कॅनडाच्या घटनेत गेली. पक्ष नुसताच पडला असं मी तरी म्हणणार नाही, त्याची मागणी मोठ्या पक्षानं उचलली. असल्या उमेदवाराला किती मतं पडली ते नंतर बघा, आधी तिचा मुद्दा कोण उचलतंय ते बघा.

इस्लामपूर_वाळवा
दादांचं सगळं मान्य पण दुसरी बाजू पण सांगा की. १९९१ ला त्याच प्रांतात द्विभाषिक धोरणाच्या विरोधातला एक पक्ष ८ जागा घेऊन थेट अधिकृत विरोधी पक्ष झाला होता. २०१८ ला परत तसाच, पीपल्स अलायन्स, ३ जागा, आणि अल्पमतातल्या सरकारला त्यांचाच टेकू, त्यांचा राग कशावर तर ॲम्ब्युलन्सवर दोन्ही भाषा येणारी माणसंच पाहिजेत या अटीवर. म्हणजे लहान पक्षाची ताकद दोन्हीकडनं चालते. तिथंपण आपल्यासारखंच, ज्याला जास्त मतं तो आला. ही पोरगी जर घासून होणाऱ्या सीटवर उभी राहिली आणि फ्रेंच लोकांच्या बाजूनं बोलणाऱ्या उमेदवाराचीच पाचशे मतं घेतली तर ज्याला पाडायचं तोच निवडून येणार. तुमच्या बाबांची भीती अगदीच खोटी नाही. सीट कुठली आहे ते आधी विचारा.

जत_पूर्वभाग
मी उमदीकडचा, घरात कन्नड, शाळा झेडपीची कन्नड, मराठी पुढं शिकलो. ताई, तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं. आमची आज्जी पेन्शनचा फॉर्म घेऊन तालुक्याला जाते, काउंटरवरचा माणूस भराभरा मराठीत सांगतो, ती नुसती मान हलवते, बाहेर आल्यावर फॉर्म माझ्या हातात देऊन विचारते काय म्हणाला रे तो. आधार कार्ड, पासबुक, सगळं एका कॅरीबॅगेत घट्ट धरलेलं असतं तिनं. घटनेत ३५०-अ कलम आहे, अल्पसंख्य भाषेच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळायची सोय राज्यानं करावी म्हणून, १९५६ पासून आहे. पण आमच्याकडं इलेक्शनला म्हैसाळच्या पाण्यावर सगळे बोलतात (बोलायलाच पाहिजे, पाणी नाहीच), कन्नड शाळेला कन्नड येणारा मास्तर द्या असं स्टेजवरून बोललेलं मी कुणाला ऐकलं नाही. एखादं पोरगं फक्त त्यासाठी उभं राहिलं तर पडू दे की, निदान बाकीच्या उमेदवारांना गावात येऊन उत्तर द्यावं लागेल. त्या कॅनडातल्या पोरीला माझा मनापासून पाठिंबा सांगा.

बेळगाव_माहेर
माझं माहेर बेळगाव, सासर सांगली. १९९६ ला बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार उभे होते, सीमाभागाकडं देशाचं लक्ष जावं म्हणून. लक्ष गेलं, पेपरात आलं. पण त्याच वर्षी अशा ठिकाणांमुळं डिपॉझिट ५०० वरून १०,००० केलं आणि सीमाप्रश्न आजही सुप्रीम कोर्टात. आमच्या माणसांनी त्यासाठी आयुष्यं घातलीत, ते मी कधी कमी लेखणार नाही. पण अनुभवानं सांगते, मुलीला म्हणावं समानता वगैरे मोठं मोठं नको, दोन-तीनच गोष्टी माग ज्या सरकार सहा महिन्यांत करू शकतं, आणि दुसऱ्या उमेदवारांकडून कॅमेऱ्यासमोर हो की नाही वदवून घे.

कृष्णाकाठ_सांगली
सगळ्यांचे खूप आभार. बहिणीला सगळं वाचून दाखवलं, तिनं रूममेटला इंग्रजीत सांगितलं. सीट फ्रेडरिक्टन शहरातली, फ्रेंच मतं कमी, त्यामुळं मतं फुटायची भीती तिला फार वाटत नाही, पण गेल्या वेळचे आकडे काढून बघणार म्हणाली. बेळगावच्या ताईंचं ऐकून पत्रक बदलायला घेतलंय, सगळ्यात वर आता ॲम्ब्युलन्स. जतच्या दादा, तुमच्या आज्जींबद्दल तिनं दोनदा विचारलं. १९८१ च्या कायद्याचं बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, मग त्या कॉन्झर्व्हेटिव्हवाल्यांनी नंतर तो पाळला का? हे कुणी सांगू शकेल का, मिरजेचे दादा?