विभागाचं कार्ड मशीन आणि आपली तिकिटं

प्रेषक: कार्यक्रम समिती

मंडळी,
सभागृह पक्कं झालं. पण विद्यापीठातल्या आपल्या विभागाच्या ऑफिसातून आज निरोप आला की दारावर त्यांचं कार्ड मशीन वापरता येणार नाही, अटींमध्ये बसत नाही म्हणे. मागच्या दोन्ही कार्यक्रमांना तेच मशीन वापरलं होतं आणि काही अडलं नव्हतं. तिकिटविक्री सोमवारी उघडायची आहे आणि संकेतस्थळावर "कार्ड चालेल" असं लिहूनही झालंय. विद्यापीठात असलेल्यांनी विभागप्रमुखांच्या कानावर घालून एवढं जमवून द्यावं. पैसे विभागाच्या खात्यात जमा होतील आणि ते नंतर मंडळाला चेक देतील, नेहमीसारखंच.

---

प्रेषक: विद्यापीठ वित्त कार्यालयातील सदस्य
विषय: उत्तर: विभागाचं कार्ड मशीन

विभागप्रमुखांना गाठून उपयोग नाही, तो अधिकार त्यांच्याकडे नाहीच. कार्ड स्वीकारण्याचा करार विद्यापीठ आणि अ‍ॅक्वायरर बँक (विक्रेत्याच्या वतीने कार्डाचे पैसे गोळा करणारी बँक) यांच्यात असतो. विभागाला त्या कराराखाली फक्त एक मर्चंट आयडी, म्हणजे विक्रेता म्हणून ओळखक्रमांक, मिळतो. तो देताना विभागाकडून लिहून घेतात: काय विकणार, कुठे विकणार, वर्षाला अंदाजे किती रकमेचं. त्या आयडीवर विभागाने स्वतः विकलेल्या वस्तू-सेवांचेच व्यवहार जायला हवेत. दुसऱ्या संस्थेची विक्री आपल्या आयडीवरून फिरवायला व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही नियमांत मनाई आहे. बँका त्याला ट्रान्झॅक्शन लाँड्रिंग म्हणतात, मग हेतू कितीही चांगला असो.

"नंतर चेक देतील" ही बँकेच्या नजरेला खटकणारी पहिली गोष्ट. कार्डाचे पैसे एका नावाने आले आणि जवळजवळ तेवढेच दुसऱ्या नावाने बाहेर गेले. शिवाय त्या विक्रीचा 1099-के (कार्डाने वर्षभरात किती जमा झालं ते अमेरिकी करखात्याला कळवणारा फॉर्म) विद्यापीठाच्या करक्रमांकावर निघतो, म्हणजे कागदावर ते उत्पन्न विद्यापीठाचं ठरतं. आणि कार्डधारकाच्या स्टेटमेंटवर विद्यापीठाचं नाव दिसतं. ज्याला मंडळ ठाऊक आहे पण विभाग नाही, तो ते नाव पाहून "हा खर्च माझा नाही" असं बँकेला कळवतो. तो चार्जबॅक, म्हणजे तक्रारीनंतर बँकेने परत खेचलेली रक्कम, विभागाच्या माथी बसतो, आणि उत्तर द्यायला त्यांच्याकडे आपल्या तिकिटाचा एकही कागद नसतो.

अटी बदललेल्या नाहीत. आता त्या तपासल्या जातात, एवढंच.

---

प्रेषक: माजी खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: विभागाचं कार्ड मशीन

ताई, एक मुद्दा सुटतोय. पत्रिकेवर विभागाचं नाव सहआयोजक म्हणून छापलेलं असतं. सभागृह त्यांच्या नावावर घेतलंय. मग हा कार्यक्रम विभागाचाही आहेच की. मी खजिनदार असताना हाच विचार करून मशीन घेतलं होतं आणि हिशेब सेंटपर्यंत जुळवून दिले होते.

---

प्रेषक: विद्यापीठ वित्त कार्यालयातील सदस्य

काका, हिशेबाबद्दल कुणाचीच तक्रार नाही. प्रश्न विक्रेता कोण हा आहे, आणि तो पत्रिकेवरून ठरत नाही. तिकिटाचा दर कोण ठरवतं? कार्यक्रम रद्द झाला तर रिफंड कोण देणार? तोटा कुणाच्या खात्यातून भरला जाणार? तिन्हींचं उत्तर "मंडळ" असेल तर विक्रेता मंडळच.

खरं सहआयोजन हवं असेल तर वाट आहे. विभाग तिकिटं स्वतःच्या नावाने विकेल, जमा त्यांच्या महसुलात जाईल, रिफंडची जबाबदारी त्यांची राहील. मंडळाला कलाकार आणि ध्वनिव्यवस्था पुरवणारा व्हेंडर म्हणून लेखी करार करून ठरलेली रक्कम मिळेल, तिकिटं खपोत वा न खपोत. त्यासाठी व्हेंडर नोंदणी, डब्ल्यू-9 (करक्रमांक कळवण्याचा फॉर्म) आणि पर्चेस ऑर्डर (लेखी खरेदी आदेश) लागते. सोमवारपर्यंत ते होणार नाही, आणि नफ्यावरचा हक्कही मंडळ सोडून देईल. मला विचाराल तर यंदा तो नाद सोडावा.

---

प्रेषक: कार्ड प्रोसेसिंगमध्ये काम करणारे सदस्य

ताईंशी पूर्ण सहमत. मंडळाने स्वतःचं खातं काढावं. मार्ग दोन.

एक, बँकेकडे रीतसर मर्चंट अकाउंट. ईआयएनचं (संस्थेच्या करक्रमांकाचं) पत्र, 501(सी)(3), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, असल्यास त्याचं निर्णयपत्र, रद्द केलेला चेक, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं आणि पुष्कळदा एखाद्या पदाधिकाऱ्याची वैयक्तिक हमी. शेवटची अट नीट वाचल्याशिवाय कुणीही सही करू नये. मंडळ बुडालं तर चार्जबॅकची रक्कम त्या माणसाच्या खिशातून जाते.

दोन, स्ट्राइप किंवा स्क्वेअरसारखा पेमेंट फॅसिलिटेटर. तिथे आपण त्यांच्या छत्राखालचे सबमर्चंट, म्हणजे उपविक्रेते, होतो, खातं लवकर उघडतं, मशीन भाड्याने घ्यावं लागत नाही. वर्षाला मोजके कार्यक्रम करणाऱ्या संस्थेला हाच मार्ग परवडतो.

कुठलाही मार्ग घ्या, अर्जात "तिकिटं आगाऊ विकतो, कार्यक्रम नंतर होतो" हे स्पष्ट लिहा. सेवा भविष्यात द्यायची असते तेव्हा प्रोसेसरची (कार्डाचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपनीची) जोखीम वाढते आणि तो काही रक्कम राखून ठेवू शकतो. हे लपवलं आणि शांत पडलेल्या खात्यात एका संध्याकाळी अचानक भरपूर रक्कम आली, की पैसे अडकतात. कलाकारांचं मानधन देण्याच्या आदल्या दिवशी असं झालं तर हात चोळत बसावं लागतं.

स्टेटमेंटवर दिसणारं नाव पहिल्याच दिवशी भरा. बहुतेक ठिकाणी 22 अक्षरांत बसवावं लागतं. घटनेतलं लांबलचक नाव टाकू नका, लोक ज्या नावाने मंडळाला ओळखतात ते टाका आणि सोबत फोन नंबर द्या. "ओळखलं नाही" प्रकारचे बरेच चार्जबॅक तिथेच टळतात.

चार्जबॅकची मुदत कार्यक्रम झाला की संपत नाही. "सेवा मिळाली नाही" या कारणाखाली व्हिसामध्ये साधारणपणे अपेक्षित सेवेच्या तारखेपासून 120 दिवस धरतात. तोवर तिकीट स्कॅन झाल्याच्या नोंदी आणि खरेदीवेळी दाखवलेलं रिफंडचं धोरण जपून ठेवा.

---

प्रेषक: संकेतस्थळ

नवीन खातं उघडेपर्यंत एक सोपी सोय करता येईल. ऑनलाइन फॉर्मवर कार्ड क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे घेऊन ठेवू. खातं सुरू झालं की मी एकेक टाइप करून घेईन. फॉर्म तीन जणांनाच दिसेल.

---

प्रेषक: कार्ड प्रोसेसिंगमध्ये काम करणारे सदस्य

दादा, हे अजिबात करू नका. मागचे तीन आकडे व्यवहार मंजूर झाल्यावर साठवणं पीसीआय डीएसएस या कार्डसुरक्षेच्या नियमांनुसार वर्ज्य आहे, एन्क्रिप्ट करूनही चालत नाही. आणि मंजुरीच्या आधी एका शीटमध्ये आठवडाभर पडलेले क्रमांक म्हणजे ते शीट, ज्याने ते उघडलं तो लॅपटॉप आणि त्याचा बॅकअप, सगळंच नियमांच्या कक्षेत आलं. नियम पाळतो हे सांगणारी, आपणच भरायची साधी प्रश्नावली एसएक्यू ए भरण्याऐवजी एसएक्यू डी भरायची पाळी येईल, ती सगळ्यात लांबलचक प्रश्नावली.

कुणी आपणहून ईमेलमध्ये क्रमांक पाठवला तर तो वापरू नये. उत्तर देताना मूळ मजकूर खाली चिकटलेला राहतो, तो आधी काढा. नाहीतर तोच क्रमांक पुन्हा प्रवासाला निघतो. मग मूळ ईमेल इनबॉक्समधून आणि ट्रॅशमधूनही काढून टाका. या ईमेल-यादीवर तर क्रमांक येताच कामा नये, कारण यादीचा संग्रह राहतो.

संकेतस्थळावर फक्त एक बटण ठेवा, जे प्रोसेसरच्या पानावर नेईल. आपल्याच पानात आयफ्रेम (प्रोसेसरचं पान आत दाखवणारी चौकट) बसवलं तर एसएक्यू ए साठी एक जादा अट येते: आपलं संकेतस्थळ दुसऱ्याने घुसवलेल्या स्क्रिप्टच्या हल्ल्याला बळी पडणारं नाही, याची खात्री द्यावी लागते. सरळ दुसऱ्या पानावर पाठवलं तर ती अट लागत नाही. देखणेपणासाठी ते ओझं घेऊ नये.

---

प्रेषक: खजिनदार

खात्याचा अर्ज मीच करतो. आर्थिक करारावर सही खजिनदार आणि अध्यक्षांचीच लागते, तेव्हा कुणी परस्पर खातं उघडू नये ही विनंती.

शुल्काचा हिशेब केला. स्ट्राइपचा ऑनलाइन दर 2.9 टक्के अधिक प्रत्येक व्यवहारामागे 30 सेंट. 25 डॉलरची चार तिकिटं वेगवेगळी घेतली तर शुल्क 4.10 डॉलर, एकत्र घेतली तर 3.20. म्हणून कुटुंबाची तिकिटं एकाच व्यवहारात घेता येतील असं पान हवं. रिफंड दिला तरी मूळ शुल्क परत येत नाही, म्हणून "कार्यक्रम रद्द झाल्यासच रिफंड" असं पैसे भरायच्या बटणाच्या वरच लिहावं.

माझा प्रश्न: हे शुल्क घेणाऱ्याकडून वेगळं आकारायचं का? विद्यापीठ फी भरताना सर्व्हिस फी घेतं, मग आपण का नाही? आणि दारावर दहा डॉलरखाली कार्ड नाही असं ठेवलं तर?

---

प्रेषक: विद्यापीठ वित्त कार्यालयातील सदस्य

फीवरची सर्व्हिस फी हा व्हिसाचा सरकारी आणि उच्चशिक्षण संस्थांसाठीचा वेगळा कार्यक्रम आहे. तो शिक्षणशुल्क आणि त्याला जोडलेल्या रकमांपुरता. विद्यापीठातलं नाट्यगृहसुद्धा त्याच्या आधाराने तिकिटावर अशी फी लावू शकत नाही.

किमान रकमेचं म्हणाल तर 2010च्या डॉड-फ्रँक कायद्याने क्रेडिट कार्डासाठी दहा डॉलरपर्यंत किमान रक्कम ठेवता येते, डेबिटसाठी नाही. दारावर रांग लागलेली असताना कार्ड क्रेडिट की डेबिट हे बघत कोण बसणार? आपलं तिकीट तसंही दहाच्या वर आहे.

---

प्रेषक: कार्ड प्रोसेसिंगमध्ये काम करणारे सदस्य

सरचार्जही (कार्डाने पैसे देणाऱ्याकडून जादा आकारणी) नको. व्हिसाची कमाल मर्यादा 3 टक्के, अ‍ॅक्वायररला आधी कळवावं लागतं, दारावर फलक लागतो, आणि डेबिट कार्डावर तो लावताच येत नाही. काही राज्यांत कायद्यानेच बंदी आहे. शुल्क तिकिटाच्या दरात धरा आणि सगळ्यांना एकच दर ठेवा.

---

प्रेषक: एक सदस्य

इतका घोळ कशाला, झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायच्या सोयीने) घ्या. शुल्क सहसा शून्य.

---

प्रेषक: खजिनदार

झेलचे पैसे येतात तेव्हा तिकिटं किती आणि कुणाची हे मेमोमध्ये कुणी लिहीत नाही. नवऱ्याच्या खात्यातून पैसे, बायकोच्या नावाने तिकीट. ते जुळवायला मी रात्री बसणार नाही. नको.

---

प्रेषक: कार्यक्रम समिती

बरं, खातं काढू. पण दारावर नेमकं काय लागेल ते कुणीतरी सांगा. मशीन कुणाकडे द्यायचं?

---

प्रेषक: कार्ड प्रोसेसिंगमध्ये काम करणारे सदस्य

दोन कार्ड रीडर घ्या, एक राखीव. आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा, ॲप अपडेट करा आणि एक डॉलरचा व्यवहार करून रिफंड करून पाहा. सभागृहाच्या पाहुण्यांच्या वायफायवर विसंबू नका, त्याचं लॉगिन पान मध्येच पुन्हा उगवतं आणि रीडर तुटतो. फोनचा स्वतःचा डेटा वापरा. ऑफलाइन मोड बंद ठेवा. त्यात व्यवहार नंतर पाठवला जातो, आणि कार्ड नाकारलं गेलं तर प्रेक्षक आत बसलेला असतो, नुकसान मंडळाचं.

रीडरच्या मागचा सीरियल नंबर वहीत लिहा आणि मांडताना ताडून पाहा. कार्ड घालायच्या फटीवर बोट फिरवा. काही सैल, जाड किंवा चिकटवलेलं लागलं तर ते यंत्र बाजूला ठेवा. मध्यंतरात टेबल सोडताना रीडर सोबत न्या. "कंपनीकडून दुरुस्तीला आलोय" म्हणणाऱ्या कुणाच्याही हातात देऊ नका.

कार्ड प्रेक्षकानेच टॅप करावं किंवा चिप घालावी. चिप असलेलं कार्ड पट्टीने घासून घेतलं आणि ते बनावट निघालं, तर ऑक्टोबर 2015 पासून तो भुर्दंड सामान्यतः विक्रेत्याकडे येतो. चिप वाचली जात नसेल तर दुसरं कार्ड किंवा रोख मागा. आकडे हाताने टाइप करू नका.

कार्डावर घेतलेल्या तिकिटाचे पैसे रोख परत देऊ नका. त्याच कार्डावर रिफंड करा. आणि रिफंडचा पासकोड दारावरच्या स्वयंसेवकांना देऊ नका.

---

प्रेषक: खजिनदार

शेवटच्या मुद्द्यावर: पासकोड माझ्याकडे आणि सहखजिनदारांकडे राहील. दारावर जो विक्री करेल तो हिशेब जुळवणार नाही, हेही ठरवून टाकू. रात्री बॅचची (त्या दिवसाच्या कार्डव्यवहारांची) बेरीज, स्कॅन झालेली तिकिटं आणि रोख यांचा तक्ता सहखजिनदार करतील. बँकेत रक्कम शुल्क वजा होऊन येईल, तेव्हा खात्यातला आकडा विक्रीशी जुळला नाही म्हणून कुणी घाबरून फोन करू नये.

अर्ज आज रात्री भरतो. अध्यक्षांच्या ओळखपत्राची प्रत लागेल, पण ती या यादीवर पाठवू नये, मी येऊन घेऊन जातो.

---

प्रेषक: संकेतस्थळ

"कार्ड चालेल" ही ओळ तूर्त काढली. "तिकिटविक्री लवकरच" असं टाकलंय. प्रोसेसरच्या पानाचा दुवा मिळाला की बटण लावतो, आयफ्रेम नाही. स्टेटमेंटवर जे नाव येणार तेच बटणाखाली लिहायचंय, म्हणून खजिनदार काकांनी अर्जात भरलेलं नाव अक्षरन् अक्षर कळवावं.