प्रतिसाद: खोल्या मोजण्याआधी सांडपाणी मोजा

तलावाकाठी हॉटेलांच्या खोल्या वाढल्या की भरभराट आपोआप येते, हा मुद्दा अर्धाच खरा. भाजी, मासळी, धुलाई, नावा हे सगळं गावाबाहेरून येत असेल तर गल्ल्यातले पैसेही बाहेरच जातात.

पण खरी अडचण पाण्याची. गोड्या पाण्याच्या तलावात शेवाळाची वाढ बहुधा फॉस्फरसवर, म्हणजे सांडपाण्यातूनही येणाऱ्या एका पोषक द्रव्यावर, अडून असते. त्याची लिटरमागे वर्षाची सरासरी ३५ मायक्रोग्रॅमच्या वर गेली की तलाव अतिपोषित, म्हणजे शेवाळ माजेल इतक्या पोषक द्रव्यांचा, धरतात. सांडपाण्याचं साधं जैविक शुद्धीकरण, म्हणजे टाकीतल्या जिवाणूंकडून होणारं, सेंद्रिय घाण काढतं, फॉस्फरस बराचसा तसाच सोडतं. त्यासाठी तुरटी किंवा फेरिक क्लोराइडचा वेगळा टप्पा लागतो, आणि त्याचा गाळ काढायचा खर्च अंदाजपत्रकात कुणी धरत नाही!

दुसरी चूक म्हणजे सांडपाण्याच्या वर्षाच्या सरासरीवर बांधलेला शुद्धीकरण प्रकल्प. सुट्ट्यांत लोंढा आला की टाकीतले जिवाणू वाहून जातात. हंगाम संपला की उपाशी मरतात. आधी समतोल टाकी, म्हणजे लोंढा साठवून सारख्या वेगाने पुढे सोडणारी, आणि शुद्धीकरणाच्या दोन समांतर शाखा हव्यात, म्हणजे मंदीत एक बंद ठेवता येते.

फ्रान्समधल्या आनसी तलावाभोवतीच्या गावांनी १९५७ मध्ये संघ करून तलावाला वळसा घालणारी सांडपाणी वाहिनी टाकली. शुद्ध केलेलं पाणीसुद्धा तलावात नाही, खाली नदीत जातं. आज तिथलं पर्यटन त्याच नितळ पाण्यावर चालतं. खोल्यांच्या परवान्याआधी अशी वाहिनी, हाच क्रम मला पटतो. उलट केलं तर हॉटेलांच्या पायाखालून खोदावं लागतं.