प्रतिसाद: वार्ताहरच मैदानात उतरला तेव्हा

गोल्फचे पत्रकार माध्यमकक्षात टीव्ही बघून बातम्या लिहितात, खेळ त्यांच्या अंगात नसतो, हे या चर्चेत मांडलेलं म्हणणं आजच्या काहींना लागू असेलही. पण सरसकट पटत नाही. गोल्फच्या मैदानावर अठरा होल लांबवर पसरलेले, एका वेळी डझनावारी गट खेळतायत. कितीही पायपीट केली तरी एका माणसाला सगळं दिसणं शक्यच नाही. टीव्हीवर नजर ठेवावीच लागते.

आणि बर्नार्ड डार्विनचं नाव अजून कुणी कसं काढलं नाही? चार्ल्स डार्विनचा नातू, लंडनच्या 'द टाइम्स'चा गोल्फ वार्ताहर. 1922 साली पहिल्या वॉकर कपच्या (अमेरिका विरुद्ध ब्रिटन-आयर्लंड अशी हौशी गोल्फपटूंची सांघिक स्पर्धा) वार्तांकनासाठी तो न्यूयॉर्क राज्यातल्या नॅशनल गोल्फ लिंक्स या मैदानावर गेला. ब्रिटिश कर्णधार रॉबर्ट हॅरिस आजारी पडला, तेव्हा पंचेचाळिशीचा हा वार्ताहर थेट संघात उतरला, कर्णधारही झाला. संघ 8-4 असा हरला, पण एकेरीत त्याने अमेरिकेचा कर्णधार विल्यम फाउन्सलाच हरवलं! पट (चेंडू होलमध्ये ढकलण्याचा हलका फटका) हुकल्यावर पोटात कसा गोळा येतो, हे असा माणूस लिहितो तेव्हा वाचतानाच कळतं.