मदत हवी आहे : 'लेफ्टनंट गव्हर्नर'ला मराठीत काय लिहू?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी हेन्री रेमंड यांच्यावर लेख लिहितेय. हा माणूस मला फार आवडतो. १८२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लिमा गावी जन्म, होरेस ग्रीली यांच्या 'ट्रिब्यून' या वृत्तपत्रात उमेदवारी. १८५१ मध्ये ते राज्याच्या विधानसभेचे अध्यक्ष होते आणि त्याच वर्षी १८ सप्टेंबरला जॉर्ज जोन्स यांच्यासोबत त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स' सुरू केला. किंमत एक सेंट!

पुढे १८५४ ची निवडणूक आली. ग्रीलींना स्वतःला लेफ्टनंट गव्हर्नरपदाची (राज्याच्या गव्हर्नरच्या खालोखालचं पद) उमेदवारी हवी होती, ती मिळाली रेमंडना. एकेकाळी हाताखाली काम केलेला मुलगा पुढे गेला, हे ग्रीलींच्या मनाला फार लागलं. माझ्या लेखाचा गाभा हाच प्रसंग आहे आणि नेमकी इथेच मी अडकलेय.

'नायब राज्यपाल' लिहिलं की आपल्या वाचकाला दिल्ली-पुदुच्चेरी आठवणार, म्हणजे केंद्राने नेमलेली व्यक्ती. रेमंड मात्र लोकांच्या मतांवर निवडून आले होते आणि त्या पदावरची व्यक्ती राज्याच्या सिनेटचं, म्हणजे विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचं, अध्यक्षपदही सांभाळते. 'उपराज्यपाल'चीही तीच अडचण. 'उपगव्हर्नर' कानाला खटकतं. मूळ शब्द तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात खुलासा करावा, असं सध्या वाटतंय.

भाषांतर किंवा संपादन करणाऱ्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय केलं असतं? मजकूर रविवारी छपाईला जातोय.