क्रेनिओसेक्रल थेरपीने जुनी मानदुखी खरोखर कमी होते का?

प्रश्न

नमस्कार. गेली तीन वर्षे मला मानदुखीचा त्रास आहे. कळ कवटीच्या पायथ्याशी सुरू होऊन उजव्या खवाट्यापर्यंत उतरते. एमआरआयमध्ये वयोमानानुसार झालेल्या झिजेपलीकडे काही आढळले नाही. अलीकडे क्रेनिओसेक्रल थेरपीच्या, म्हणजे डोके आणि कण्याला अगदी हलका स्पर्श करून केल्या जाणाऱ्या उपचाराच्या, दोन बैठका घेतल्या. उपचारक पाऊण तास माझ्या डोक्याखाली तळवे ठेवून जवळजवळ निश्चल बसले होते, तरीही पुढचे दोन दिवस मान बरीच हलकी वाटली. कवटीची अडकलेली हाडे आता सैल होत आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे. आराम मला खराच जाणवला, कारण मात्र पटत नाही. अशा स्थितीत उपचार पुढे चालू ठेवावा का?

प्रतिसाद १

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मिळालेला आराम आणि त्याचे सांगितलेले कारण या दोन गोष्टी तुम्ही आपणहून वेगळ्या ठेवल्यात, हे फार चांगले केलेत. विल्यम सदरलँड यांनी 1899 च्या सुमारास, ऑस्टिओपथीचे (हाडे-स्नायू हातांनी हाताळून उपचार करण्याच्या पद्धतीचे) विद्यार्थी असताना, सुटी केलेली कवटी पाहिली आणि कानशिलाच्या हाडाच्या तिरप्या कडा त्यांना माशाच्या कल्ल्यांसारख्या भासल्या. कल्ले हलतात तशी ही हाडेही हलत असावीत, या तर्कावर या थेरपीची पुढची सारी इमारत उभी राहिली. जॉन अपलेजर या अमेरिकी ऑस्टिओपथी डॉक्टरांनी 1970 च्या दशकात तिला आजचे रूप दिले. या पद्धतीत पाच ग्रॅमच्या आसपास दाब पुरेसा मानतात. प्रौढांच्या कवटीचे सांधे मात्र करवतीच्या दात्यांसारखे एकमेकांत घट्ट बसलेले असतात आणि वयाबरोबर ते जुळत जातात, त्यामुळे एवढ्या दाबाने हाडे सरकतात हे मानणे कठीण आहे. मेंदूभोवतीच्या द्रवाला हृदयाच्या ठोक्याबरोबर आणि श्वासाबरोबर स्पंदन असते, हे खरे आहे. परंतु बोटांना जाणवणारी जी वेगळी लय हे उपचारक मोजतात, ती एकाच रुग्णावर दोघांनी मोजली असता त्यांचे आकडे जुळत नाहीत, असे चाचण्यांतून दिसून आले आहे.

परिणामाबाबत चित्र संमिश्र आहे. जुन्या मानदुखीच्या 54 रुग्णांवरील 2016 च्या एका चाचणीत आठ आठवडे, आठवड्याला एक बैठक, असा उपचार झाला आणि निव्वळ हलक्या स्पर्शाच्या नकली उपचारापेक्षा त्यातून वेदना अधिक कमी झाल्या. आपण कोणता उपचार देत आहोत हे उपचारकाला तर ठाऊक असतेच, ही अशा चाचण्यांची जुनी अडचण येथेही आहे. दहा चाचण्यांचा एकत्रित आढावा 2019 मध्ये अनुकूल निघाला, तर 2024 च्या आढाव्याने उपयोग दिसत नाही असा निष्कर्ष काढला. माझ्या मते तुमचा आराम हाडांचा नाही, मज्जासंस्थेचा आहे: दुखणे जुने झाले की ती साध्या संवेदनांनाही धोका समजू लागते, आणि शांत, उबदार, विश्वासाचा स्पर्श तिला काही काळ निवांत करतो. म्हणून त्या दोन दिवसांत झोपून राहू नका. मान हलवा आणि खवाट्यांच्या स्नायूंचे व्यायाम हळूहळू वाढवत न्या, कारण जुन्या मानदुखीत व्यायामाला या थेरपीपेक्षा भक्कम आधार आहे.

प्रतिसाद २

मी याच वाटेने गेले आहे. टेबलावर पडल्यावर पहिली दहा मिनिटे मला फक्त गुंडाळलेल्या टॉवेलची कड टोचत होती. नंतर अचानक लक्षात आले की माझे खांदे कानांपाशी चढलेले आहेत आणि जबडा इतका आवळलेला आहे की दात दातांवर रुतले आहेत. हे मी दिवसभर करत असते, याचा तोवर मला पत्ताच नव्हता! आता संगणकासमोर बसले असतानाही मधूनच जबडा सैल सोडते. तेवढ्या एका सवयीसाठी मी त्या बैठकांची ऋणी आहे.

एका दुसऱ्या उपचारकाने मात्र डॉक्टरांच्या गोळ्या ताबडतोब बंद करायला सांगितल्या आणि चौथ्या बैठकीनंतर दुखणे बळावले तेव्हा "हे विष बाहेर पडत आहे" असे समजावले. त्याच दिवशी मी तिथे जाणे सोडले.

प्रतिसाद ३

वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली. नुकताच डोक्याला मार लागला असेल, कवटीत दाब वाढला असेल किंवा मेंदूतील रक्तवाहिनीला फुगा असेल, तर हा उपचार टाळतात. हातापायांत वाढती अशक्तता, लघवीवरील ताबा सुटणे, ताप किंवा विनाकारण वजन घटणे, यांपैकी काहीही मानदुखीसोबत दिसले तर कोणत्याही हस्तोपचाराआधी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. प्रतिसाद ३ मधील कोणतेही लक्षण मला नाही. आणखी चार बैठका घेईन, त्यांच्याबरोबरच व्यायाम सुरू करीन आणि रोज रात्री वेदना दहापैकी किती होती ते वहीत लिहीन. सहाव्या बैठकीनंतरही आकडा उतरला नाही, तर थेरपी थांबवीन, व्यायाम नाही. जबड्याचे वाचून आत्ता पाहिले, तर माझेही दात आवळलेलेच होते.