तळावलीची सांताना इगर्ज, एवढ्याशा गावात एवढी मोठी कशी?

फोंडेकर७
रविवारी आगशीला जाता जाता गोवा वेल्हाहून आत तळावलीला वळलो (आमच्या फोंड्याची दुर्भाटजवळची तळावली नव्हे, ही तिसवाडीतली). समोर एकदम प्रचंड पांढरी इगर्ज (चर्च हो), दोन्ही बाजूंना मनोरे आणि आजूबाजूला बघावं तर थोडी घरं, माड, शेतं, बाकी शुकशुकाट. कुणी बांधली ही? आणि असलं काहीतरी आधी कुठेतरी बघितलंय असं सारखं वाटत होतं पण आठवेना. दार बंद, त्यामुळे आत जाता आलं नाही.

चिरेवाला
आठवत नाही कारण अर्धवटच बघितलंय तुम्ही 😄 ओल्ड गोव्यातला सेंट ऑगस्टिनचा तो एकटा उभा टॉवर डोळ्यासमोर आणा. तो ज्या ग्रासा चर्चचा उरलाय, त्याच्या दर्शनी भागावरून सांतानाचा घेतलाय असं अभ्यासक म्हणतात. मूळ चर्च १६०२ च्या सुमारास झालं, १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने मठवाल्या पाद्रींना हाकललं आणि मग बघायला कुणी उरलंच नाही, १८४२ ला छत कोसळलं, १९३१ ला दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. आता उरलाय तो ४६ मीटर. म्हणजे मूळ पडलं आणि त्याच्यावरून केलेलं खेड्यात शाबूत राहिलं.
सांतानाचं काम १६८१ ला फ्रान्सिस्को दो रेगो या पाद्रीने सुरू केलं, १६९५ ला आंतोनियो फ्रान्सिस्को द कुन्य यांनी पुरं केलं. ही गावची इगर्ज, मठाची नाही, म्हणून १८३५ नंतरही तिला वाली होता. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीला चुन्याचा गिलावा आणि वर दरवर्षी लक्ष लागतं हो, चिरा पाणी पितो आणि आपला पाऊस म्हणजे काय ते सांगायला नको. पांढरा रंग नुसता शोभेचा नाही.

माडाखाली
भिंतींचं कुणी सांगितलंच नाही! त्या आतून पोकळ आहेत, कन्फेशनला, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली द्यायला, जाणारा माणूस कुणाला न दिसता भिंतीच्या आतूनच जायचा असं सांगतात. गावात तोंड लपवायची सोय हवीच ना.

सुशेगाद_बाय
तुम्ही २६ जुलैच्या फेस्ताला (सणाला) जा, तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त म्हणतात त्याला. सांत आना म्हणजे येशूची आजी, मूल हवं असलेली जोडपी तिला तवशीं वाहतात. पोर्तुगीजमध्ये पेपिनु म्हणजे काकडी आणि मिनिनु म्हणजे मुलगा, त्यामुळे 'पेपिनु घे, मिनिनु दे' असं यमकच जुळतं. लग्न ठरत नसलेल्या मुली उडीद वाहतात, उरीदु घे मारीदु दे, मारीदु म्हणजे नवरा. आमच्या शेजारच्या आजीला विचारलं यमक जुळलं म्हणून नवस का, तर म्हणाली देवाला काय, गंमत कळत नाही?

फोंडेकर७
वा! म्हणजे ओल्ड गोव्याला त्या टॉवरपुढे दहा वेळा फोटो काढले आणि बाकीचं चर्च कसं दिसत असेल ते तळावलीत उभं होतं. २६ ला येतो, बायकोला सांगितलंय. तवशीं घरून आणायची की तिथे मिळतात?

सुशेगाद_बाय
तिथेच मिळतात. छत्री मात्र घरून आणा.