दगडी मळणीघरात बंगला थाटू द्यावा का?

माळवद: हा धागा एका हौसेबद्दल काढतोय. इंग्लंडच्या खेड्यांत जुनी दगडी मळणीघरं घेऊन त्यांचे बंगले करायची हौस बरीच आहे. २०१४ पासून तिथे शेतीच्या इमारतीचं घर करणं नियमांनी सोपं केलंय. वारसा यादीतल्या इमारती त्यातून वगळल्यात, बाकीच्या बहुतेकांना वाली नाही. माझं मत: हे थांबवावं.

ऑक्सफर्डशायरमधलं ग्रेट कॉक्सवेल घ्या. ब्यूली मठाच्या सिस्टर्शियन (एक ख्रिस्ती पंथ) साधूंचं हे कोठार. ओकच्या लाकडातली वर्तुळं मोजून त्याचा काळ १२९२ च्या आसपासचा ठरलाय. लांबी ४६ मीटर, उंची साडेचौदाच्या घरात. आत उंच दगडी जोत्यांवर ओकचे खांब, आणि दगडी फरश्यांच्या छपराचा सगळा भार त्यांच्यावर आणि भिंतींवर. लांब भिंतींत समोरासमोर दारं. मधल्या जमिनीवर झोडणी, बाजूंना पेंढ्यांच्या थप्प्या, दोन्ही दारं उघडली की आरपार वारा आणि त्यावर उफणणी. आपल्याकडे सुगीनंतर उघड्यावर खळं करता येतं. तिथल्या ओल्या हिवाळ्यात छप्पर हवंच. हा एकसंध पोकळ अवकाश म्हणजेच ती वास्तू. त्यात मजला टाकून चार बेडरूम काढल्या तर उरतं काय, दगडांचं वेष्टन?

कडबा: वेष्टन तरी उरतं! मळणीयंत्र आलं तेव्हाच या इमारतींचं काम संपलं. कंबाइन हार्वेस्टर त्या दारातून शिरतही नाही. मग शेतकऱ्यानं छपराचा खर्च कुणासाठी करायचा? कौल सरकला की पाणी आत, खांब कुजतो, मग भिंत. राहणारा माणूस निदान गळती बघतो. पुण्यात वाडे 'जपायचे' म्हणत कुलूप लावून ठेवले, त्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

माळवद: पण ग्रेट कॉक्सवेल १९५६ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, रिकामं आहे, उभं आहे.

कडबा: ते एक, वारसा यादीत अव्वल श्रेणीतलं. हजारो साध्या मळणीघरांना कोण ट्रस्ट मिळणार? शिवाय तुमच्या त्या आदर्श इमारतीच्या टोकांकडची मोठी दारं अठराव्या शतकात नव्यानं बसवलेली आहेत. गाड्या आत घ्यायला सोयीचं म्हणून भिंत फोडली. तेव्हा कुणी 'एकसंध अवकाश' म्हणून अडवलं नाही.

उफणणी: दार फोडणं आणि बाथरूम बांधणं यात फरक आहे हो. ते दार शेतीसाठीच होतं. पण मला दोघांचंही पटत नाही, कारण तुम्ही दगड आणि ओकवरच थांबलात. हिवाळाभर आत झोडपणाऱ्या मजुरांचं काय? ती झोडणी म्हणजे त्यांची थंडीतली मजुरी. यंत्रानं ती हिरावली म्हणून १८३० मध्ये केंटपासून सुरू होऊन दक्षिण इंग्लंडभर मजुरांनी मळणीयंत्रं फोडली, 'कॅप्टन स्विंग' या काल्पनिक म्होरक्याच्या नावानं धमकीपत्रं धाडली. सरकारनं काहींना फाशी दिली, शेकडोंना ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार केलं. त्याच जमिनीवर आता इटालियन फरशी.

कडबा: मजुरांचा कळवळा असेल तर गावात त्यांच्या पणतवंडांना परवडणारी घरं होऊ द्या की.

माळवद: परवडणारी? या बंगल्यांच्या किमती पाहिल्यात का कधी? माझं म्हणणं थोडं सैल करतो: सभा, बाजार, लग्न, काहीही भरवा, जे उद्या उचलून नेता येईल. मजला नको, भिंतीत नव्या खिडक्या नकोत.

कडबा: लग्नाला लागणारी शौचालयं?

उफणणी: ती शेजारच्या गोठ्यात काढा. गोठ्यावर अजून कुणी धागा काढलेला नाही.